नळीतलं रक्त नेलं, अहवाल कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सामान्य माणसांनी विज्ञानाच्या कामात सहभागी व्हावं, असं आवाहन करणारा लेख वाचला. पक्षी मोजा, पाऊस मोजा, विहिरीची पातळी नोंदवा, आरोग्य-सर्वेक्षणाला माहिती द्या, असा त्याचा सूर होता. लेख चांगला होता. फक्त एका जागी लेखकांनी खंत केली आहे की खेड्यातली माणसं माहिती द्यायला कां-कूं करतात, त्यांच्यात वैज्ञानिक दृष्टी अजून रुजलेली नाही. तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कापून छापा, पण फवारणीचा आणि सिकलसेलचा भाग कापू नका.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. गावाला लागून असलेलं कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, तीही माझ्याकडेच येते. जो कोणी संशोधक आमच्याकडे येतो, तो आधी सरपंचाकडे चहा घेतो आणि मग माझ्या दारात उभा राहतो. घरं मला माहीत, कोण मजुरीला कोणत्या वावरात गेलं ते मला माहीत, कोणाच्या घरी सासू कडक आहे तेही मला माहीत. तेव्हा कां-कूं करण्याबद्दल मी दोन शब्द बोलू शकते. खरं तर आमची माणसं नको तितक्या लवकर हो म्हणतात. आणि ती हो म्हणतात ती विज्ञानाला नाही, मला.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि कीटकनाशकाचा फवारा वरून तोंडावर पडत होता. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर आमच्या भागात पथकांची रीघ लागली. पत्रकार, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांची माणसं, कॉलेजची पोरं. 'कोणतं औषध मारलं? किती पंप मारले? दोन औषधं एकत्र केली का? हातमोजे होते का?' माणसं उत्तरं देऊन थकली. औषधं एकत्र केली का, या प्रश्नाला तर लोक एकमेकांकडे बघायचे, कारण तेव्हा बाहेर चर्चा अशीच होती की चूक शेतकऱ्याचीच आहे, त्यानेच मिश्रण केलं. आता सांगा, जी माहिती उद्या माझ्याच विरोधात वापरली जाईल ती मी तुमच्या वहीत खरी लिहून देईन का? याला तुम्ही दृष्टीचा अभाव म्हणा, आम्ही शहाणपण म्हणतो.

पुढे एका मोठ्या शहरातल्या संस्थेचं पथक आलं. त्यांचं काम मला पटलं होतं, हे आधीच सांगते. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस या गटातली औषधं अंगात गेली की रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर कमी होतं. फवारणीच्या आधी एकदा आणि हंगामात एकदा रक्त तपासलं तर कोणाच्या अंगात किती विष भिनलं ते कळू शकतं. त्यांनी तसंच केलं, मृग लागायच्या आधी एकदा आले आणि दसऱ्याच्या सुमारास परत आले. डॉक्टर मुलगी नीट बोलणारी होती. पण सहमतीपत्र चार पानी. मराठीच, पण तहसीलच्या नोटिशीसारखं. 'सदर संशोधनातून उद्भवणाऱ्या संभाव्य जोखमींबाबत मला अवगत करण्यात आले असून…' फवारणीला जाणारा माणूस सकाळी सातला घराबाहेर पडतो. त्याला थांबवायचं, चार पानं वाचून दाखवायची, आणि तो म्हणणार, "ताई, कुठी अंगठा लावू ते सांगा, मले उशीर होऊन रायला."

एक म्हातारी बाई होती. नवरा गेलेला, ती स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारायला जायची. तिला मी कागद समजावायला बसले, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू हायेस ना बाई, मंग कायचं भेव?" निळ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उठवला आणि लुगड्याला पुसला. तिसऱ्या पानावर नमुने पुढील संशोधनासाठी साठवून ठेवण्याची परवानगी मागणारा चौकोन होता. तो तिच्या वतीने कोणी भरला? पथकातल्या मुलाने. सगळ्यांच्या कागदावर त्याने एकाच दमात टिक मारून टाकली होती.

आणि त्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही कोणाची, तर माझी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत लिहिलं आहे की वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना लिहिता-वाचता येणारा निःपक्ष साक्षीदार हवा. मला फॉर्ममागे पैसे मिळत होते. जितके अंगठे तितका मोबदला. मी निःपक्ष कशी? हा प्रश्न मी तेव्हाच पथकाला विचारला. त्यांनी सांगितलं, सगळीकडे असंच करतात. आशाला महिन्याकाठी हाती काय पडतं हे वाचकांना ठाऊक असेल, नसेल तर आमच्या मोर्चाच्या बातम्या वाचाव्यात. त्यामुळे हे पैसे मी नाकारायला हवे होते, असं कोणी एसीत बसून सांगू नये. मोबदला द्यावा, पण ज्याला मोबदला मिळतो त्यालाच साक्षीला उभं करू नये, एवढं साधं आहे.

सहीचा हा खेळ फक्त आमच्याकडेच होतो असं नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देऊन पाहण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये आदिवासी वसतिगृहातल्या मुलींच्या कागदांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये सरकारला तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. लस चांगली की वाईट हा वाद वेगळा. मुलीच्या आईबापांची सही वॉर्डनने केली आणि आमच्या म्हातारीची टिक पथकातल्या पोराने केली, यात मला फारसा फरक दिसत नाही.

रक्त नेलं त्याला आता वर्षं झाली. अहवाल आला नाही. ना गावाला, ना माणसाला. ती म्हातारी अजून विचारते, "माह्या रगताचं काय झालं वं?" ती संस्थेला विचारत नाही, मला विचारते. संस्था कुठे आहे, तिचं नाव काय, हे तिला माहीतच नाही. मी फोन लावले. आधी सांगितलं विश्लेषण सुरू आहे, मग सांगितलं ती डॉक्टर मुलगी आता परदेशात आहे, मग नंबर लागेना. त्यांचा शोधनिबंध कुठेतरी छापून आला असेल, नसेलही. त्यांना पदवी मिळाली असेल तर आनंदच आहे. पण लोकांचा विश्वास त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून उसना घेतला होता, आणि उसनवारी फेडायला मी एकटी मागे राहिले. आता गोवराच्या लशीसाठी दारात गेले तरी एखादी सासू विचारते, "हे बी रगतासारखंच का?"

सिकलसेलचं तर याहून नाजूक आहे. आईबापांकडून लेकरांत येणारा हा रक्ताचा आजार विदर्भात घराघरांत आहे. आमच्या पोडावर आहे, गोंड-परधानांत आहे, बौद्ध वस्तीत आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, २०४७ चं लक्ष्य आहे. तपासणी हवीच, त्यात वाद नाही. एएस म्हणजे वाहक, त्याला स्वतःला सहसा त्रास नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की लेकरू एसएस, म्हणजे रुग्ण. एवढं समजलं तर लग्न जुळवताना उपयोग होतो.

अभियानाच्या आधी एका शैक्षणिक प्रकल्पाने आमच्याकडे अशीच तपासणी केली होती. निकालाची यादी नावानिशी अंगणवाडीच्या टेबलावर ठेवली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. महिन्याभरात एका मुलीची जमलेली सोयरीक मोडली. ती एएस होती. मुलाची तपासणी झालेलीच नव्हती. तो एए, म्हणजे हा दोष नसलेला, असता तर यांच्या एकाही लेकराला हा आजार होणार नव्हता, पण ते कोण ऐकतो? ती मुलगी आजही समोर आली की माझ्याशी बोलत नाही. त्या प्रकल्पाच्या अहवालात 'सामाजिक परिणाम' असं प्रकरण असेल तर त्यात हे आलं असेल का, मला शंका आहे.

कोलाम पोडावरच्या बायका आपसात कोलामी बोलतात. मराठी येते, पण बाजारापुरती. 'अनुवंशिक' हा शब्द त्यांना कसा सांगायचा यासाठी कोणत्याही पथकाने एक दिवस दिलेला मी पाहिला नाही. पोडावरचा एखादा शिकलेला पोरगा दुभाषा म्हणून घ्यायचा, त्याला मजुरी द्यायची, इतकं अवघड नाही ते. पण प्रकल्पाच्या बजेटमध्ये टॅब असतात, टी-शर्ट असतात, दुभाष्याचे पैसे नसतात.

शेतीतल्या सर्वेक्षणांचं एकच सांगते. आमचे हे कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने पतंग ओढणारे सापळे, लावतात आणि गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे आता आमच्या घरातल्या पोरालाही पाठ आहे. हे खरं विज्ञान, कारण मोजणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो. याच्या उलट एकदा एक ॲप घेऊन मुलं आली. बियाणं कोणतं लावलं ते विचारायचं, वावराचा फोटो घ्यायचा, आणि ॲप ठिकाण आपोआप नोंदवून घ्यायचं. आता आमच्याकडे चोरबीटी, म्हणजे सरकारी परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं, किती लावतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते बेकायदेशीर आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. ती माहिती कुठे साठवली जाणार, कोणाला दाखवली जाणार, पोलिसांनी मागितली तर देणार का, यातलं एकही उत्तर त्या मुलांकडे नव्हतं. ती बिचारी विद्यार्थी होती. ह्यांनी त्यांना चहा पाजला आणि वावर न दाखवता परत पाठवलं. आपल्या लेखकांच्या हिशेबात ही कां-कूंच ठरेल.

श्रेयाचाही प्रश्न आहे, आणि त्यासाठी विदर्भाबाहेर जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचा माणूस. १९८३ च्या सुमारास त्यांना धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवड करत एचएमटी धान तयार केलं. कृषी विद्यापीठाने त्यांचं बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' म्हणून वाण बाहेर आला. शुद्धीकरण आम्ही केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. बक्षिसं दादाजींना मिळाली, नावही झालं, पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हा गरीबच होते. एचएमटी तांदूळ मात्र देशभर ताटात आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, ही बाई संशोधनाच्याच विरोधात आहे. नाही हो. मी बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत माझ्यासारख्याच बायकांना शिकवलं आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं तेव्हा तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. त्या बायकांनी भरलेल्या नोंदींवर आज देशभरच्या आशा काम करतात. त्या अभ्यासात ही काळजी न देता फक्त तुलनेसाठी जी ४७ गावं होती तिथल्या आयांना काय वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतो, आणि तो विचारावा असंच मला वाटतं. तरी तिथे एक गोष्ट पक्की होती. संशोधन करणारी माणसं तिथेच राहत होती, आणि आजही राहतात. रक्ताचं काय झालं हे विचारायला लोकांना दार ठाऊक होतं.

आमच्या गावातही एक काम बरं चाललं आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलं. पेटी दिली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे आणि रंग कार्डाशी लावून बघायचा. आमच्या पेटीत फ्लोराइडसाठी पाणी गुलाबी राहिलं तर बरं, पिवळटलं तर वाईट. शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी आमच्या डोळ्यांसमोर पिवळटलं. आमच्या भागात फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेली पोरं पाहून लोकांना वाटायचं, घासत नसतील. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही, हे बायकांनी त्या दिवशी स्वतः बघितलं. नोंद पोर्टलवर गेली. वरून अजून कोणी आलं नाही, ती रड वेगळी. पण त्याच संध्याकाळी बायकांनी ठरवलं की शाळेच्या पोरांचं पिण्याचं पाणी मारुतीच्या विहिरीवरून आणायचं. कोणाला विचारायला गेल्या नाहीत. आकडा त्यांच्या हातात होता, म्हणून ठरवता आलं. उन्हाळ्यात ती विहीर आटते तेव्हा काय करायचं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते लेखकांच्या वैज्ञानिक दृष्टीत बसावं. पथकाने गावात पाय ठेवायच्या आधी ग्रामसभेत उभं राहून सांगावं की काय घेणार, कुठे ठेवणार आणि परत कधी येणार. रक्त, लघवी, पाणी, माती, माहिती, जे न्याल त्याचा निकाल ज्याचा त्याच्या हातात बंद पाकिटात, आणि गावाचा एकूण निकाल ग्रामसभेत. शोधनिबंध छापायच्या आधी. परत येण्याचं गाडीभाडं प्रकल्पाच्या पैशात पहिल्या दिवशीच धरावं. पैसे संपले म्हणून निकाल सांगता आला नाही, हे कारण आम्ही भरपूर ऐकलं. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य व्यक्ती असावी असा नियम आहे. ती सामान्य व्यक्ती कधीतरी फवारणीचा पंप उचललेली असावी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय गावाचा निर्णय होत नाही, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमचं गाव मेंढा नाही, आमच्याकडे एकमत फक्त पोळ्याच्या तारखेवर होतं. पण निदान विचारा तरी.

पुढच्या महिन्यात आणखी एक पथक येणार आहे. यावेळी मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल. फोन आला, गोड बोलले, फॉर्ममागचा दर सांगितला. मी सांगितलं, घरं दाखवीन, कोलामी बोलणारा पोरगाही मिळवून देईन, पण साक्षीदाराच्या जागी सही करणार नाही. ती शाळेतल्या मॅडम करतील, त्यांना तुमच्याकडून एक रुपया द्यायचा नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग म्हणाले, सरांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आणि आपल्या वाचकांत जर कोणी असं असेल, ज्यांच्या कपाटात किंवा संगणकात घाटंजी तालुक्यातल्या रक्ताचे, लघवीचे जुने अहवाल पडून असतील, तर त्यांनी ज्याचा त्याचा अहवाल बंद पाकिटात घालून त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे पाठवावा. पाकिटावर नाव असू द्या, आत काय आहे ते बाहेर लिहू नका. इंग्रजीत असला तरी चालेल. मी तो दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमकडून समजून घेईन आणि ज्याचा त्याला घरी जाऊन सांगेन.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

(कृपया नाव व गाव छापू नये. आपल्या कार्यालयाकडे दोन्ही दिलेली आहेत.)